पाणी येतं, पण पेरणीनंतर : लडाखच्या हिमनद्यांची पार्श्वभूमी

लडाखच्या शेतकऱ्याला पाण्याची खरी निकड असते एप्रिल-मे महिन्यांत, आणि नेमका तेव्हाच ओढा आटलेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये तोच ओढा दुथडी भरून वाहतो. त्या पाण्याचा पेरणीला काहीच उपयोग नसतो. सप्टेंबरात थंडी उतरते, त्यामुळे बहुतेक ठिकाणी वर्षातून एकच पीक निघतं. मे संपेपर्यंत जव किंवा गहू पेरला नाही, तर तो पिकायच्या आत हंगाम संपतो. हिमनद्या आणि हवामान बदल यांवर बोलताना आपण बर्फ किती उरला याचेच आकडे सांगत बसतो. लडाखमध्ये मात्र पाणी किती, याच्या आधी पाणी केव्हा, हे विचारावं लागतं.

लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो. मान्सून हिमालयाच्या पलीकडेच अडतो. त्यामुळे शेती सगळी वितळलेल्या पाण्यावर, आणि हे पाणी दोन हप्त्यांत येतं. हिवाळ्यात उतारांवर साठलेला बर्फ वसंतात वितळतो, तो पहिला हप्ता. हिमनद्या त्याहून खूप वर, ५,२०० मीटरच्याही पुढे आहेत. तिथे ऊन तापायला जून उजाडतो, म्हणून त्यांचं पाणी उशिरा उतरतं. मध्य लडाखमधल्या या हिमनद्या आहेतही चिमुकल्या, बहुतेक एक चौरस किलोमीटरपेक्षा लहान. हिवाळ्यात बर्फ कमी पडला की पहिला हप्ता चुकतो आणि दुसऱ्याची वाट पाहण्यात पेरणी हातची जाते.

ही अडचण आजची नाही. तिच्याभोवती गावांनी शेकडो वर्षांत एक चोख व्यवस्था उभी केली. हिमनदीच्या तोंडापासून डोंगरकडेने मैलोनमैल आणलेल्या पाटाला म्हणतात ‘युरा’. रात्री वाहून जाणारं पाणी अडवायचं तळं म्हणजे ‘झिंग’. सकाळी झिंगचं तोंड उघडायचं, दिवसा शेतं भिजवायची, संध्याकाळी पुन्हा बंद करायचं. कुणाच्या शेताला पाणी कधी मिळणार हे ठरवतो ‘चुर्पोन’. आपल्याकडे खानदेशातल्या फड पद्धतीत पाटकरी जे काम करतो, तेच हे. चुर्पोन पाटाच्या कडेने चालत जातो, एका शेताच्या तोंडावरचे दगड आणि गवताची ढेकळं काढतो आणि तीच पुढच्या तोंडावर नीट दाबून बसवतो. पाळी संपली की संपली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महसूल अधिकाऱ्यांनी गावोगावचे हे पाण्याचे हक्क ‘रिवाज-ए-आबपाशी’ या दस्तऐवजात नोंदवून ठेवले. या सगळ्या हक्कांच्या मुळाशी एक गृहीत होतं : कुठल्या महिन्यात ओढ्याला किती पाणी असेल, हे गावाला ठाऊक आहे.

शेजारच्या बाल्टिस्तानात तर लोक हिमनदी ‘लावत’ आले आहेत. तिथे हिमनदी नर असते किंवा मादी. दगडमातीने झाकलेली, कमी पाणी देणारी ती नर. शुभ्र-निळसर, भरपूर पाणी देणारी ती मादी. दोन्हींचा बर्फ पाठीवरून वाहून आणायचा आणि उंचावरच्या सावलीच्या कपारीत एकत्र पुरायचा, म्हणजे तिथे नवी हिमनदी धरते अशी श्रद्धा आहे. अशा पुरलेल्या बर्फाची खरोखर हिमनदी होते की नाही हा वेगळा विषय. पण पाणी हवं तिथे, हवं तेव्हा मिळावं म्हणून बर्फाची जागा बदलायची, ही कल्पना या डोंगरांत जुनी आहे.

लडाखमध्ये हीच कल्पना वेगळ्या वाटेने आणली चेवांग नोर्फेल या सिव्हिल इंजिनिअरने. थंडीत नळ गोठू नयेत म्हणून ते चालू ठेवतात. नोर्फेल यांच्या लक्षात आलं की वाहून गेलेलं हे पाणी उतारावर गोठत नाही, पण झाडांच्या सावलीत रेंगाळलं की त्याचा जाड थर होतो. मग १९८७ मध्ये त्यांनी फुक्त्से गावात पहिली कृत्रिम हिमनदी केली. हिवाळ्यात वाया जाणारं ओढ्याचं पाणी सावलीच्या दरीत वळवायचं, दगडांचे बुटके बांध घालून त्याचा वेग मोडायचा आणि थरावर थर गोठू द्यायचा, इतकंच. हा बर्फ खऱ्या हिमनदीच्या बराच खाली आणि गावाच्या जवळ असतो, म्हणून एप्रिलमध्येच वितळू लागतो. २०१५ मध्ये नोर्फेल यांना पद्मश्री मिळाली. माझ्या मते हवामान बदलाशी जुळवून घेण्याचं भारतातलं हे सर्वांत सरळ आणि स्वस्त उदाहरण आहे. हे काम सुरू झालं तेव्हा ‘हवामान बदल’ हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांतही क्वचितच दिसे.

त्यानंतरच्या काळात शास्त्रज्ञांमध्ये मात्र मोठा गोंधळ झाला. हवामान बदलाचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या ‘आयपीसीसी’ या संस्थेच्या २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतील, असं वाक्य शिरलं. त्यामागे तपासून घेतलेला अभ्यास नव्हता. जानेवारी २०१० मध्ये संस्थेने जाहीर खेद व्यक्त केला. चूक दुरुस्त झाली, पण ‘हिमनद्या वितळतात हेच थोतांड’ म्हणणाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं आणि त्याची किंमत नंतर कित्येक वर्षं मोजावी लागली. हिमनद्या वितळत आहेत यात मुळात शंका नव्हतीच. अमेरिकेच्या हेरगिरी उपग्रहांनी १९७० च्या दशकात टिपलेले फोटो पुढे खुले झाले. त्यांच्या आधारे २०१९ मध्ये हिमालयातल्या सुमारे ६५० हिमनद्यांचा हिशोब मांडला गेला. १९७५ ते २००० या काळाच्या मानाने २००० नंतर बर्फ घटण्याचा वेग दुप्पट झाला होता. पर्वतीय प्रदेशांचा अभ्यास करणाऱ्या काठमांडूच्या ‘इसिमोड’ संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार, हिंदुकुश-हिमालयात २०११ ते २०२० या दशकातली घट आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्क्यांनी जास्त होती.

आता यातली फसवी गोष्ट. हिमनदी जास्त वितळू लागली की नदीचं पाणी आधी वाढतं. काही दशकं उन्हाळी प्रवाह फुगलेला राहतो, मग एक शिखर येतं, आणि बर्फच पुरेसा उरला नसल्याने प्रवाह उतरू लागतो. शास्त्रज्ञ या शिखराला ‘पीक वॉटर’ (इंग्रजी ‘peak’, म्हणजे शिखर) म्हणतात. लहान हिमनद्यांच्या खोऱ्यांत हे शिखर लवकर येतं. उंच आशियाई पर्वतांतल्या मोठ्या खोऱ्यांत ते या शतकाच्या मध्याच्या आसपास येईल असा अंदाज आहे. म्हणजे आज नदी भरलेली दिसली तरी ते निश्चिंतीचं लक्षण नव्हे. दुसरं असं की, कोरड्या आणि तापलेल्या वर्षीच हिमनदी जास्त पाणी देते, म्हणजे गरजेच्या वेळी ती हात देते. ती आकसली की दुष्काळी वर्षाचा हा आधारच जातो.

लडाखच्या झंस्कर भागातल्या कुमिक गावाने हे सोसलं आहे. वरचा बर्फ घटत गेला, ओढा लवकर आटू लागला आणि या शतकाच्या सुरुवातीला गावकऱ्यांनी खालच्या मार्थांगच्या माळावर उठून जायचं ठरवलं. लडाखमधल्याच ग्या गावाची गोष्ट उलटी. आकसणाऱ्या हिमनद्यांच्या पायथ्याशी तळी साचतात, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये गावाच्या वरचं असंच एक तळं फुटून शेतं आणि पूल वाहून गेले.

लडाखचेच इंजिनिअर सोनम वांगचुक यांनी २०१३ च्या हिवाळ्यापासून नोर्फेल यांची कल्पना पुढे नेली. वरून नळीने आणलेलं पाणी आपल्याच दाबाने कारंज्यासारखं उडतं, गोठतं आणि त्याचा शंकू होतो. हाच बर्फाचा स्तूप. उंच शंकूचा उन्हाला उघडा पडणारा पृष्ठभाग कमी, म्हणून तो उशिरापर्यंत टिकतो. पण स्तूप नवं पाणी निर्माण करत नाही. त्याला हिवाळ्यात वाहता ओढा लागतो, कडाक्याची थंडी लागते आणि खालच्या गावांची संमतीही लागते, कारण वळवलेलं पाणी कुणाच्या तरी वाट्याचं असतं.

त्यात भर मागणीची. १९७४ मध्ये लडाख पर्यटकांना खुलं झालं. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या घरात होती. २०२२ मध्ये पाच लाखांहून जास्त पर्यटक आले, आणि त्यांत मराठी मंडळींचा भरणा चांगलाच असतो. जुन्या लडाखी घरांत कोरडे संडास असतात, त्यांना पाणी लागत नाही. हॉटेलांत फ्लश आणि शॉवर आले, त्यांच्यासाठी लेहमध्ये बोअरवेल खणल्या गेल्या. लेहला जाणाऱ्याने कोरड्या संडासाचं घरगुती होमस्टे निवडलं, तर ते चुर्पोनच्या कामाला थेट हातभार लावणारं ठरेल.

लेहच्या खालून सिंधू वाहते. वितळलेल्या पाण्यावर तिचं खोरं गंगेच्या खोऱ्यापेक्षा कितीतरी जास्त अवलंबून आहे. १९६० च्या सिंधू पाणी करारात नद्यांची वाटणी झाली, हवामान बदलाची तरतूद त्यात नाही. एप्रिल २०२५ मध्ये भारताने करार स्थगित केला. पुन्हा कधी बोलणी झालीच, तर जुन्या प्रवाहाचे आकडे धरून ती पुढे जाणार नाहीत.