प्रवासी भारतीय विमा आणि कंपनीचा मेडिकल विमा: आखातात जाताना गल्लत नको

खेड, दापोली, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात आखातात कुणी नाही असं घर शोधावं लागेल. नवा मुलगा निघाला की घरचे विचारतात, "विम्याचं काय?" उत्तर ठरलेलं: "एजंटने केलाय." एजंटने केलेला असतो तो प्रवासी भारतीय विमा. घरच्यांच्या मनात असतो तो आजारपणाचा विमा, जो तिकडे पोचल्यावर कंपनी काढते. दोन्ही लागतात, पण एकाचं काम दुसऱ्याकडून होत नाही. (मुंबईत जाऊन रक्त-एक्सरे देऊन येतात ते 'मेडिकल' तर विमाच नव्हे, ती फक्त तपासणी.)

प्रवासी भारतीय विमा योजना ही भारत सरकारची, 2003 पासूनची. ज्याचा पासपोर्ट ईसीआरचा (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) आहे, म्हणजे ढोबळमानाने जो दहावी पास नाही, त्याला सौदी, यूएई, कुवेत, कतार, ओमान अशा ठरावीक 18 देशांत नोकरीला जायचं तर एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे परदेशी कामाला जाण्याची सरकारी परवानगी, घ्यावा लागतो. त्यासाठी हा विमा सक्तीचा. हप्ता दोन वर्षांना 275 रुपये, तीन वर्षांना 375. एवढ्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर 10 लाखांपर्यंत मिळतात. नोकरीवरून कोर्टकज्जा झाला तर त्या खर्चाला 45 हजारांपर्यंत. स्वस्तात बरंच काही आहे, नावं ठेवण्यासारखी योजना नाही.

पण इस्पितळाच्या खर्चाचा आकडा नीट वाचा. एकूण 1 लाख, आणि एका वेळच्या ॲडमिशनला जास्तीत जास्त 50 हजार. रुपये, दिरहम नव्हेत. 50 हजार रुपयांचे दोन हजारांच्या आसपास दिरहम होतात, तेवढ्यात दुबईच्या खासगी इस्पितळात ऑपरेशनचं नावही काढू नये. दुसरी मेख 10 लाखांची. ते अपघातालाच आहेत. पस्तिशीचा माणूस उन्हात काम करून खोलीवर आला आणि झोपेतच हार्ट अटॅकने गेला, तर हे पैसे घरी येत नाहीत. हे घरच्यांना आधी कुणी सांगत नाही.

रोजच्या आजारपणाला खरा आधार कंपनीच्या विम्याचा. दुबईत 2013 च्या कायद्याने कामगाराचा आरोग्य विमा मालकाने काढायचा, आणि त्याचा हप्ता पगारातून कापायचा नाही. मूळ पॅकेजची वार्षिक मर्यादा दीड लाख दिरहम. शारजा, अजमान वगैरे अमिरातींत ही सक्ती 1 जानेवारी 2025 पासून आली. तिथलं साधं पॅकेज वर्षाला 320 दिरहमचं, आणि ॲडमिट झालात तर बिलाचे 20 टक्के तुम्ही भरायचे, मात्र एका वेळी 500 आणि वर्षात 1,000 दिरहमच्या वर नाही. सौदीतही मालकावरच जबाबदारी, शिवाय तिथे सोबतच्या बायकामुलांचीही. दुबईत कायद्याने तेवढं बंधन मालकावर नाही. बायकोला नेणाऱ्याने तिचा विमा स्वतः काढायचा, हे हिशेबात धरूनच व्हिसाला हात घाला.

गोंधळ अंगाशी येतो तो नोकरी सुटते तेव्हा. कंपनीचा विमा नोकरीला बांधलेला. व्हिसा रद्द झाला की तोही संपला. प्रवासी भारतीय विमा माणसाला बांधलेला असतो. मालक बदलला, साइट बदलली तरी मुदतीपर्यंत चालतो. मुदत मात्र दोन किंवा तीनच वर्षं, आणि गावातले निम्मेअधिक लोक पहिल्या करारानंतर पुन्हा जातात तेव्हा तो संपून गेलेला असतो, हा माझा तरी अनुभव. नूतनीकरण ऑनलाइन होतं. सुट्टीवर आलात की गणपतीच्या गडबडीतही तेवढं उरकून घ्या. आणि पॉलिसीवर वारस म्हणून कुणाचं नाव आहे ते डोळ्यांनी बघा. लग्नाआधी गेलेल्या मुलांच्या कागदावर आईचं नाव तसंच राहतं, मग पुढे सासू-सुनेत नको ते होतं. पॉलिसीची एक प्रत घरी हवी. फक्त मुलाच्या मोबाइलमध्ये असून उपयोग नाही, कारण गरज पडेल तेव्हा मोबाइल त्याच्यापाशीच असणार.

दहावी-बारावी झालेल्यांना प्रवासी विम्याची सक्ती नाही. त्यांनी करारपत्रात आरोग्य विम्याचं काय लिहिलंय ते निघण्याआधीच विचारावं, "गेल्यावर बघू" म्हणू नये.

सगळ्यात उघडा राहतो तो व्हिजिट व्हिसावर नोकरी शोधायला जाणारा. क्लिअरन्स नाही म्हणून प्रवासी विमा नाही, मालक नाही म्हणून कंपनीचा नाही. चुलत्याच्या खोलीवर महिना-दोन महिने राहायचं म्हटलं तरी त्याने मुंबई सोडण्याआधी चांगल्या रकमेचा ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्यावा, आणि अर्जात बीपी-शुगर असेल तर ती लपवू नये. लपवलेला आजार निघाला की क्लेम तिथेच अडतो.