ग्रहणाचे गणित आधी सुटले, डोळ्यांचे नंतर

२२ जुलै २००९ च्या खग्रास सूर्यग्रहणाची तारीख घ्या आणि तिच्यात १८ वर्षे ११ दिवस मिळवा. उत्तर येते २ ऑगस्ट २०२७, आणि त्या दिवशीही खग्रास सूर्यग्रहणच आहे. तसेच वजा करत मागे गेले तर ११ जुलै १९९१, ३० जून १९७३, २० जून १९५५, ८ जून १९३७ आणि २९ मे १९१९ या तारखा हाती लागतात. ही सगळी ग्रहणे खग्रास आणि एकाच घराण्यातली. लीप वर्षांमुळे एखादा दिवस इकडेतिकडे होतो, एवढेच.

या चक्राला सारोस म्हणतात. ते बाबिलोनच्या ज्योतिषांना ख्रिस्तपूर्व काळातच ठाऊक होते. मातीच्या ओल्या विटांवर खुणा कोरून त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ग्रहणांच्या नोंदी ठेवल्या. त्या नोंदींतून २२३ चांद्रमासांनी, म्हणजे ६,५८५ दिवस आणि सुमारे ८ तासांनी, ग्रहणे पुन्हा त्याच क्रमाने येतात हे त्यांच्या ध्यानात आले. ग्रहण कशामुळे होते याचा पत्ता नव्हता, पण वेळापत्रक जवळ होते. चंद्रग्रहणांना ते छान लागू पडायचे, कारण चंद्र क्षितिजाच्या वर असेल त्या अर्ध्या पृथ्वीला ते दिसते. सूर्यग्रहण मात्र हुलकावणी द्यायचे, आणि त्याला कारण ते वरचे ८ तास. तेवढ्यात पृथ्वी एक तृतीयांश फिरते आणि पुढचे ग्रहण पश्चिमेकडे जवळपास १२० अंश सरकून लागते. १९९१ चे ग्रहण हवाई आणि मेक्सिकोत दिसले, २००९ चे भारत-चीनमध्ये, आणि २०२७ चे स्पेनच्या दक्षिण टोकापासून उत्तर आफ्रिका ओलांडून अरबस्तानात दिसणार आहे. तीन फेऱ्यांनी, म्हणजे ५४ वर्षांनी, स्वारी पुन्हा त्याच भागात परतते: १९७३ चे ग्रहणही आफ्रिकेवरूनच गेले होते. त्या वेळी ध्वनीहून वेगवान कॉन्कॉर्ड विमान चंद्राच्या सावलीबरोबर पळवून आतल्या शास्त्रज्ञांनी खग्रास स्थिती तब्बल ७४ मिनिटे अनुभवली होती. जमिनीवर ती साडेसात मिनिटांच्या फारशी पुढे कधीच जात नाही.

बाबिलोनच्या त्या विटा अजूनही कामाला येतात. इ.स.पू. १३६ मधले बाबिलोनचे खग्रास ग्रहण आजच्या गतीने पृथ्वी मागे फिरवून मोजले, तर भलत्याच देशावर पडते. याचा अर्थ पृथ्वीचे फिरणे मंदावते आहे. दिवस शतकाला पावणेदोन मिलिसेकंदांच्या आसपास लांबतो, याचा एक मोठा पुरावा म्हणजे ही जुनी ग्रहणे.

कारणाकडे वळू. दर अमावास्येला चंद्र सूर्याच्या बाजूला असतो, मग दर महिन्याला ग्रहण का नाही? कारण चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. बहुतेक अमावास्यांना चंद्र सूर्याच्या वरून किंवा खालून निघून जातो. या दोन पातळ्या एकमेकींना छेदतात त्या दोन बिंदूंच्या आसपास अमावास्या किंवा पौर्णिमा आली, तरच ग्रहण लागते. आपल्याकडे या बिंदूंना नावे आहेत राहू आणि केतू. शीर तुटलेल्या राक्षसाची कथा आणि भूमितीतले दोन छेदनबिंदू एकाच नावाने शतकानुशतके शेजारी नांदले.

ग्रीसमध्ये अॅनॅक्सागोरसने ग्रहणे म्हणजे आडोसा आणि सावली आहेत हे इ.स.पू. पाचव्या शतकातच मांडले होते. चंद्रावर पडणाऱ्या सावलीची कड नेहमी गोल असते, त्यावरून अॅरिस्टॉटलने पृथ्वीही गोल ठरवली. आर्यभटाने ४९९ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, सगळा मामला अर्ध्या श्लोकात निकालात काढला: ‘छादयति शशी सूर्यं शशिनं महती च भूच्छाया’. सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची मोठी सावली. पुढे ६२८ साली ब्रह्मगुप्ताने राहू नाकारणाऱ्या आर्यभटाला फटकारले. गंमत अशी की ग्रहणाचे गणित त्याने स्वतःही सावलीनेच केले. अकराव्या शतकात अल्-बिरूनीने ही विसंगती बरोबर हेरली.

१७१५ साली इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलीने ग्रहणापूर्वी इंग्लंडचा नकाशा छापून त्यावर चंद्राची सावली कुठून जाईल ते दाखवले. अवचित अंधार झाल्यावर लोक घाबरू नयेत हा एक हेतू, आणि लोकांकडून नोंदी मिळाव्यात हा दुसरा. त्याची वेळ चार मिनिटांनी चुकली. तिथून पुढे ‘ग्रहण कधी’ हा प्रश्न खगोलशास्त्राने जवळपास बाजूला ठेवला आणि ग्रहणाचा हत्यारासारखा वापर सुरू केला. १८ ऑगस्ट १८६८ ला गुंटूरमध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन याने सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्या काळातल्या वर्णपटांत सोडियमच्या रेषांना लागून एक अनोळखी पिवळी रेघ मिळाली. तिच्यावरून इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरने हेलियम हे नवे मूलद्रव्य मांडले. (हा शोध १८६८ मध्ये विजयदुर्गावर लागला असे मराठीत पुन्हा पुन्हा छापले जाते. लॉकियर त्या वर्षी इंग्लंडातच होता. विजयदुर्गावर तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, आणि तोवर हेलियम पृथ्वीवर सापडून जवळपास तीन वर्षे झाली होती.) १९१९ चे ग्रहण आईन्स्टाईनच्या नावाने सगळ्यांना ठाऊक आहेच: सूर्याजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश त्याने वर्तवल्याप्रमाणे वाकतो, हे एडिंग्टन आणि सहकाऱ्यांनी प्रिन्सिपे बेट आणि ब्राझीलमधले सोब्राल इथून टिपले.

इतके सगळे साधले, पण ग्रहण थेट डोळ्यांनी पाहायचे कसे, याचे धड मानक ठरायला एकविसावे शतक उजाडले.

धोका नवा नव्हता. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस म्हणतो की ग्रहणात सूर्याकडे थेट पाहणाऱ्यांचे डोळे बिघडतात, म्हणून तो पाण्यातल्या प्रतिबिंबात पाहावा. इशारा बरोबर, उपाय चुकीचा. डोक्यावरच्या सूर्याचा सुमारे २ टक्के, म्हणजे पन्नासावा भाग प्रकाश पाणी परत पाठवते. आजचा प्रमाणित ग्रहण-चष्मा ३१ हजारांतला एखादा भाग आत सोडतो. या दोन आकड्यांतले अंतर पाहिले की परातीतल्या पाण्याचा सल्ला का सोडायला हवा ते वेगळे सांगायला नको.

खरा उपाय जवळपास तितकाच जुना आहे. अॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या एका प्रश्नसंग्रहात विचारले आहे की ग्रहणात चाळणीतून, झाडाच्या पानांतून किंवा एकमेकांत अडकवलेल्या बोटांमधून येणारे ऊन जमिनीवर चंद्रकोरीसारखे का पडते? इब्न अल्-हैथमने अकराव्या शतकात त्याचे नीट विश्लेषण केले. १५४४ च्या जानेवारीत गेमा फ्रिसियस याने लूव्हेनमध्ये अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक भोक ठेवून समोरच्या भिंतीवर ग्रहण पाहिले. आजही याहून स्वस्त आणि सुरक्षित काही नाही. ग्रहण चालू असताना सूर्याकडे पाठ करा, झारा उन्हात धरा आणि त्याची सावली पांढऱ्या कागदावर पाडा. जितकी भोके तितक्या कोरी कागदावर उमटतील, सगळ्या एकाच बाजूला तोंड करून. एकच भोक ठेवून कागद १ मीटर दूर नेला तर सूर्याची प्रतिमा जेमतेम ९ मिलिमीटर भरते, कारण आकाशात सूर्य अर्ध्या अंशाएवढाच आहे. मात्र पाहायचे ते कागदाकडे. भोकातून सूर्याकडे नव्हे. हे सांगावे लागते, कारण ‘पिनहोलमधून पाहा’ हे वाक्य ऐकून लोक भोकाला डोळा लावतात.

मोठमोठ्या माणसांनीही चुका केल्या. न्यूटनने तरुणपणी आरशात सूर्य पाहण्याचा प्रयोग केला आणि नजर ताळ्यावर येईपर्यंत त्याला तीन दिवस अंधाऱ्या खोलीत बसावे लागले. गॅलिलिओ सूर्य पाहून आंधळा झाला, ही मात्र कंडी आहे. सूर्यावरचे डाग तो आपला शिष्य बेनेदेत्तो कास्तेल्ली याने सुचवलेल्या रीतीने, दुर्बिणीतून कागदावर प्रतिमा पाडून रेखाटत असे, आणि त्याची दृष्टी गेली ती त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळाने.

यानंतर काजळी धरलेल्या काचांचा काळ आला, मग धुतलेल्या फिल्मचा आणि एक्स-रेचा. या सगळ्यांत दोष एकच: काळे दिसते म्हणजे सुरक्षित, हा समज. काजळी कुठे दाट, कुठे पातळ. एक्स-रेवर हाडाची जागा पांढरट, बाकीची काळी. रंगीत फिल्ममध्ये धुतल्यावर चांदी उरतच नाही, आणि उरलेले रंग अवरक्त किरणांना आडकाठी करत नाहीत. डोळा दिपत नाही म्हणून माणूस निवांत पाहत राहतो, आणि घात होतो तो तिथेच. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. निळ्या प्रकाशाने पेशींमध्ये होणारी रासायनिक इजा काही तासांनी, बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी, समोरच्या अक्षराच्या जागी धूसर डाग होऊन उभी राहते. एरवी सूर्य स्वतःची राखण स्वतः करतो. त्याच्याकडे पाहवतच नाही. ग्रहणात तो निम्मा-अधिक झाकला की पाहवू लागते, पण उरलेल्या कोरीचा तुकडान्‌तुकडा पूर्वीइतकाच तळपत असतो. सूर्य ९९ टक्के झाकला तरी उरलेला १ टक्का पौर्णिमेच्या चंद्राच्या काही हजार पट तेजस्वी भरतो.

ऑगस्ट २०१७ च्या ग्रहणात न्यूयॉर्कमधल्या एका तरुणीने काही सेकंद सूर्याकडे तसेच पाहिले. डॉक्टरांनी नंतर तिच्या दृष्टिपटलाचे अतिसूक्ष्म छायाचित्र घेतले, तेव्हा जळलेल्या पेशींचा डाग कोरीच्या आकाराचा निघाला. ग्रहणाचा छापाच तो.

ग्रहण-चष्म्यांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १२३१२-२, आले ते २०१५ मध्ये. दृश्य प्रकाश जास्तीत जास्त ०.००३२ टक्के आत यावा, ही त्यातली मुख्य अट. दोनच वर्षांनी, २०१७ मध्ये, नकली चष्म्यांवर तीच खूण छापून बाजारात माल आला, आणि अमेरिकेच्या खगोलशास्त्रीय संस्थेला खुणेवर विसंबू नका, विश्वासू विक्रेत्यांची यादी पाहा, असे सांगावे लागले. घरी ओळखायची एक खूण आहे: खऱ्या चष्म्यातून सूर्य आणि फार तर डोळे दिपवणारा दिवा सोडून काहीही दिसता कामा नये. खोलीतले सामान दिसले तर तो टाकून द्या. चरे पडले असतील तरी टाका. वेल्डिंगची काच वापरायची तर १४ नंबरची, त्याहून फिकी नको. आणि हा चष्मा लावून दुर्बिणीतून तर मुळीच पाहू नये. दुर्बिणीने गोळा केलेले ऊन फिल्म क्षणात जाळते. दुर्बिणीचा फिल्टर तिच्या पुढच्या तोंडावर बसतो, डोळ्याकडच्या भिंगावर नाही.

चंद्रग्रहणाला यातले काहीच लागत नाही. तो मुळात पौर्णिमेचाच चंद्र, त्यात सावलीतला. पृथ्वीच्या वातावरणातून वाकून आलेला तांबडा प्रकाश त्याला तांबूस करतो, म्हणजे त्या घटकेला पृथ्वीच्या कडेवर चाललेले सगळे सूर्योदय आणि सूर्यास्त एकदमच चंद्रावर पडलेले असतात. १९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला आणि पुढच्या वर्षाच्या डिसेंबरातले चंद्रग्रहण राखेसारखे काळवंडलेले दिसले.

२ ऑगस्ट २०२७ ला इजिप्तमधल्या लक्सॉरजवळ खग्रास स्थिती ६ मिनिटे २३ सेकंद टिकेल. तेवढ्या वेळात चष्मा काढायला हरकत नाही. सूर्याभोवतीचे किरीट, म्हणजे त्याचे फिकट बाह्य वातावरण, चष्म्यातून दिसतच नाही. चंद्राच्या कडेवरच्या दरीतून उन्हाचा पहिला मणी चमकला की चष्मा परत डोळ्यांवर. सावलीच्या पट्ट्याबाहेर उभे असलेल्यांना, मग पट्टा अगदी हाकेच्या अंतरावर का असेना, तो काढण्याची वेळ येणारच नाही.