टेन्शन घेतलं म्हणून पेशी पडल्या?
"टेन्शन घेतलं की पांढऱ्या पेशी पडतात, हसत राहा" हा फॉरवर्ड आमच्या फोंड्याच्या फॅमिली ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. अर्धं खरं आहे त्यात. महिनोन्‌महिने ताण राहिला की कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन वाढतं, झोप उडते, जखम भरायला वेळ लागतो. पण कॅन्सरच्या किमोनंतर पांढऱ्या पेशींची संख्या पडते ती औषधाचा अस्थिमज्जेवर, म्हणजे हाडांतल्या पेशी तयार करणाऱ्या गाभ्यावर, परिणाम होतो म्हणून; पेशी, साधारण ७ ते १४ दिवसांत तळ गाठतात आणि मग बहुतेकदा परत चढतात, रडलात तरी. पटत नसेल तर सीबीसीचे (रक्तातल्या पेशी मोजणाऱ्या तपासणीचे) जुने रिपोर्ट काढा, किमोच्या तारखांशेजारी ठेवून बघा. पेजेची वाटी तशीच ठेवून गप्प बसलेल्या मावशीला "मावशे, पॉझिटिव्ह राहा गो" कशाला ऐकवायचं? पेशी कमी असताना ताप ३८ सेल्सिअसच्या वर गेला तर मात्र लगेच डॉक्टरला फोन करा.