रेडिओ फिरवला की सांगली

ट्रान्झिस्टरचं मागचं झाकण उघडलं की वरच्या बाजूला एक काळसर कांडी आडवी बसवलेली दिसते. तिच्यावर तांब्याच्या बारीक तारेचे वेढे असतात. ही फेराइटची कांडी म्हणजे मध्यम लहरींची (मीडियम वेव्हची) एरियल. बाहेर ओढायची चकचकीत काठी एफएम आणि लघुलहरींच्या कामाची. मध्यम लहरींवर ती ओढून काही उपयोग नाही. तिथे अख्खा रेडिओच फिरवावा लागतो. कांडीची लांब बाजू केंद्राकडे असली की आवाज भरतो, टोक केंद्राकडे गेलं की बसतो. बेळगावात बसून ऐकायचं तर आकाशवाणीचं सांगली केंद्र जवळजवळ सरळ उत्तरेला, हवाई अंतर ११० किलोमीटर. म्हणजे कांडी पूर्व-पश्चिम हवी. धारवाड आग्नेयेला, सत्तरेक किलोमीटरवर.

१ नोव्हेंबर १९५६ला राज्यांच्या सीमा भाषेवर आखल्या गेल्या आणि बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. वाद त्याच्याही आधीचा: १९४६च्या बेळगावच्या साहित्य संमेलनातच संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला होता. प्रक्षेपणाचा नकाशा मात्र या रेघेने बदलला नाही. धारवाड केंद्र १९५०चं, सांगली १९६३चं. निपाणी, चिकोडी, बेळगाव या पट्ट्यात दोन्ही लागत. धारवाड ७६५ किलोहर्ट्झवर, सांगली १२५१वर. लहरींची लांबी अनुक्रमे ३९२ आणि २४० मीटर. इतक्या लांब लहरी जमिनीला धरून सरकतात. ओल्या काळ्या रानातून त्या दूर जातात, खानापूरकडच्या जांभ्या दगडाच्या डोंगराळ भागात लवकर थकतात. धारवाडची ताकद पुढे २०० किलोवॅट, सांगलीची २०. दहापट ताकद म्हणजे दहापट अंतर नव्हे. तेवढ्याच अंतरावर लहरीची तीव्रता फक्त तिपटीने वाढते.

दिवस मावळला की गणित बदलतं. ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा जो विद्युतभारित थर दिवसा या लहरी गिळतो, तो सूर्याबरोबर विरतो. मग वर गेलेल्या लहरी आणखी वरच्या थरांवर आपटून परत येतात. जमिनीवरून आलेली आणि आकाशातून आलेली लहर एकाच सेटमध्ये भेटतात. जुळल्या तर आवाज चढतो, उलट पडल्या तर बुडतो. रात्री सांगली ‘येते-जाते’ ती यामुळे, सेल उतरले म्हणून नव्हे. सतत एकसुरी खरखर असेल तर दोष बहुधा घरातच: मोबाइलचा चार्जर, स्वस्त एलईडी दिवा, शेजारची मोटर. कांडीचं टोक त्या वस्तूकडे करून बघावं.

एका घरात दोन भाषांची केंद्रं लागण्याचा परिणाम मोजता येत नाही, पण दिसतो. धारवाडकडचे मल्लिकार्जुन मन्सूर ऐकायला कन्नड यावंच लागत नव्हतं. बातम्यांना ते लागत असे. म्हणून एकाच सेटवर गाणं एका केंद्राचं आणि बातम्या दुसऱ्या केंद्राच्या, अशी वाटणी सोयीची होती.

श्रोता तरी कुठे मुकाट ऐकून घेत होता? १९५२मध्ये माहिती व प्रसारण मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर (हे आपले पुण्याचे) चित्रपटगीतांवर नाराज होते, आणि आकाशवाणीवरून ती जवळपास हद्दपार झाली. लोकांनी सुई लघुलहरींकडे सरकवली, ती गाणी वाजवणाऱ्या रेडिओ सिलोनकडे. कोलंबोहून निघालेल्या लहरी शेकडो किलोमीटर उंचीवरच्या थरावरून परतून इथल्या ओसरीवर उतरत होत्या, आणि त्यांना कोणतंही खातं अडवू शकत नव्हतं. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती सुरू करावी लागली. माध्यमाने समाज घडवला असं आपण सरसकट म्हणतो. इथे धोरण बदललं ते सुई फिरवणाऱ्यांनी.

एफएमने हा खेळ आखडला. शंभरेक मेगाहर्ट्झची लहर तीन मीटरची. ती जमिनीच्या गोलाईभोवती फारशी वळत नाही. १०० मीटर उंच मनोऱ्यावरून ती सुमारे ४१ किलोमीटरवर क्षितिजाला टेकते, आणि घराच्या छतावर एरियल चढवली तर आणखी आठ-दहा किलोमीटर मिळतात. केंद्र शहरापुरतं झालं.

मोबाइलने तर राज्याची सीमाच हवेत उतरवली. परवाने मंडळवार (सर्कलनुसार) दिलेले, बेळगाव कर्नाटक मंडळात. त्यामुळे महामार्गावर कोगनोळीच्या आसपास फोन सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या कागलचा मनोरा धरायचा आणि उंबऱ्यात बसूनही रोमिंग लागायचं, पैसे कापले जायचे. फोन बलवान मनोरा निवडतो. घर कोणत्या राज्यात आहे ते त्याला कळत नाही. सीमेवरच्यांनी तेव्हा यावर काढलेला उपाय म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्कची आपोआप निवड बंद करायची आणि आपल्या मंडळाचं नाव हाताने निवडायचं. दोष एकच: ते जाळं क्षीण असलं की फोन मुका व्हायचा, आणि निवड पुन्हा आपोआपवर ठेवायची आठवण राहायची नाही.

आता सांगली की धारवाड हे ना कांडी ठरवते ना मनोरा. कोणता व्हिडिओ किती सेकंद पाहिला यावरून पुढचा ठरतो. कन्नड गाणं दोनदा शेवटपर्यंत ऐकलं की तिसरं समोर येतं, मध्येच सोडलं की येणं कमी होतं. शेजारी बसलेल्या दोन फोनांवर दोन वेगळी केंद्रं लागलेली असतात, आणि एकाची दुसऱ्याला खरखरही ऐकू येत नाही.