पाणी फिरवणं आधी, समजणं नंतर: मोठ्या मत्स्यटाकीच्या पंप-फिल्टरची पार्श्वभूमी

गोड्या पाण्याच्या मोठ्या टाकीचा पंप बदलायचा ठरला की पहिला प्रश्न ठरलेलाच असतो: किती लिटर प्रतितास? टाकी ६०० लिटरची, तासाला पाच वेळा पाणी फिरायला हवं, म्हणजे ३,००० लिटरचा पंप. हिशेब तोंडी करता येतो, म्हणूनच तो टिकून आहे. पण त्यामागे फिल्टर म्हणजे चाळणी ही जुनी समजूत आहे. फिल्टरच्या आत नेमकं काय घडतं हे कळण्याच्या कितीतरी आधीपासून लोक पाणी फिरवत होते. विज्ञानाला ते कळल्यावरही घरच्या टाकीपर्यंत पोचायला जवळपास शतक गेलं. पंप-फिल्टर बदलताना होणारे बरेचसे घोळ या उशिरातून आले आहेत.

सुरुवातीला पंप नव्हताच, आणि तो नसण्यातच शहाणपण मानलं जाई. लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये तिथल्या केमिकल सोसायटीपुढे एक प्रयोग मांडला. साधारण ५० लिटरच्या भांड्यात दोन लहान गोल्डफिश आणि वॅलिस्नेरियाची रोपं. मासे सोडतील तो कार्बन डायऑक्साइड रोपं घेतील, रोपं देतील तो प्राणवायू मासे घेतील. कागदावर सगळं जुळत होतं. प्रत्यक्षात जुनी पानं कुजायला लागली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवा थर चढला. तेव्हा त्यांनी तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं फस्त केली, त्यांची अंडी माशांनी खाल्ली आणि टाकी स्थिरावली. 'समतोल टाकी'चा सिद्धांत रुजला तो इथून.

सिद्धांत खोटा नव्हता. फक्त तो दोन लहान मासे आणि ५० लिटर पाण्यापुरता खरा होता. पुढच्या पिढ्यांनी हे प्रमाण सोडलं आणि तत्त्व तेवढं धरलं. पाणी जितकं जुनं तितकं चांगलं, ते बदललं तर समतोल बिघडतो, ही श्रद्धा विसाव्या शतकातही बराच काळ टिकली. पिवळसर, मुरलेलं पाणी अभिमानाने दाखवलं जाई. त्यात किती नायट्रेट (माशांच्या घाणीतून शेवटी बनणारा क्षार) साठलं आहे हे मोजायचं साधन छंदिष्टांकडे नव्हतं.

त्याच सुमारास अ‍ॅना थिन या लंडनमधल्या बाईंनी समुद्रातले प्रवाळ घरात जगवले होते. साल १८४६. त्यांच्याकडची मोलकरीण खुल्या खिडकीपाशी उभी राहून रोज अर्धा-पाऊण तास पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत असे. मत्स्यटाकीच्या इतिहासातला पहिला एअर पंप शोधायचाच असेल, तर माझ्या मते तो मान त्या मुलीचा. तिचं नाव मात्र कुठे येत नाही.

यंत्राने पाणी फिरवण्याची खरी कल्पना दिली विल्यम अल्फर्ड लॉइड यांनी. मत्स्यटाक्यांचं साहित्य विकणारा हा दुकानदार पुढे सार्वजनिक मत्स्यालयांचा रचनाकार झाला. १८६४ मध्ये हॅम्बुर्ग आणि १८७१ मध्ये लंडनचा क्रिस्टल पॅलेस ही त्यांची गाजलेली कामं. दोन्हीकडे पाणी खारं होतं, पण रचनेचा मुद्दा गोड्या पाण्यालाही तसाच लागू पडतो. लोकांना दिसणाऱ्या टाक्यांखाली त्यांनी एक काळोखा हौद ठेवला. तो वरच्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा होता. पंप रात्रंदिवस हौदातलं पाणी वर चढवत आणि ते टाक्यांमधून वाहत पुन्हा हौदात येई. उजेड नसल्यामुळे हौदात शेवाळ धरत नसे, आणि एखाद्या टाकीत काही बिनसलं तरी एवढ्या पाण्यात ते विरून जाई.

आज मोठ्या टाकीखालच्या कपाटात जो संप, म्हणजे पाण्याची खालची टाकी, बसवतात, तो याच हौदाचा वंशज. लॉइड यांचं प्रमाण मात्र आपण उलटं केलं. त्यांच्याकडे न दिसणारं पाणी जास्त होतं, आपल्याकडे ते कपाटात मावेल तेवढंच. एकदा संप बसवायचाच तर तो जमेल तितका मोठा घ्यावा, या सल्ल्यामागे दीडशे वर्षांचा आधार आहे. पंपाचा आकडा वाढवण्यापेक्षा तो जास्त कामाचा आहे, असं मला वाटतं.

पण त्या हौदात माशांच्या घाणीतून येणाऱ्या विषारी अमोनियाचं काय होतं, हे लॉइड यांनाही ठाऊक नव्हतं. त्याचा उलगडा झाला तो सांडपाण्यातून. १८७७ मध्ये तेओफिल श्लोझिंग आणि आशिल म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या लांब नळीतून सांडपाणी अगदी सावकाश झिरपू दिलं. पहिले सुमारे वीस दिवस काहीच झालं नाही. वरून जेवढा अमोनिया घातला तेवढा खालून निघाला. मग हळूहळू नायट्रेट दिसू लागलं आणि अमोनिया नाहीसा झाला. ही क्रिया निव्वळ रासायनिक असती तर ती पहिल्याच दिवशी सुरू झाली असती. म्हणून त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट बनायचं थांबलं. क्लोरोफॉर्म काढून ताज्या मातीचा अर्क घातला, तशी क्रिया काही दिवसांनी पुन्हा सुरू झाली. काम करत होतं ते काहीतरी जिवंत होतं.

नव्या टाकीत मासे सोडायची घाई झालेल्या माणसाने हा प्रयोग मुद्दाम वाचावा. ते वीस दिवस म्हणजेच आपल्या टाकीचं 'सायकलिंग'. आणि क्लोरोफॉर्मचं काम आज कोण करतं? फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून चकाचक करणारा माणूस. पाणी शुद्ध ठेवायला नळाच्या पाण्यात घातलेलं क्लोरीन स्पंजमधल्या जिवाणूंनाही सोडत नाही. म्हणून स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत पिळायचा, तोही अर्धवट. बोटांना बुळबुळीत लागणारा तो तपकिरी थर बराच टिकला पाहिजे.

१८९० मध्ये सर्गेई विनोग्राड्स्की यांनी हे जिवाणू वेगळे काढले आणि काम दोन टप्प्यांत चालतं हे दाखवलं. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. सांडपाण्याच्या अभियंत्यांनी त्याच दशकात दगडांच्या थरावर पाणी शिंपडून त्याला भरपूर हवा देणारे ट्रिकलिंग फिल्टर उभारले. १९१४ मध्ये मँचेस्टरला हवा घुसळून गाळच जिवंत ठेवण्याची पद्धत आली. म्हणजे आजच्या चांगल्या फिल्टरमागची जवळजवळ सगळी तत्त्वं पहिलं महायुद्ध सुरू होईपर्यंत हातात होती. छंदाच्या जगाला त्याचा पत्ता नव्हता. तिथे अजून 'समतोल' चालू होता.

घरच्या टाकीत पंप आला तो हवेच्या बुडबुड्यांसाठी. आधी पिस्टनचे पंप, मग रबरी पडदा थरथरवणारे स्वस्त पंप. याच हवेच्या जोरावर कोपऱ्यातल्या डबीत काचलोकर आणि कोळसा भरून पाणी गाळलं जाऊ लागलं. मग १९५० च्या दशकात खडीखालचा फिल्टर लोकप्रिय झाला: तळाशी छिद्रांची प्लेट, वर खडीचा थर, कोपऱ्यातल्या नळीतून वर जाणारे बुडबुडे खडीतून पाणी खाली ओढणार. बहुतेकांनी तो 'घाण खाली ओढून नजरेआड करणारा' म्हणून घेतला. प्रत्यक्षात अख्खी खडी जिवाणूंचं घर बनली आणि टाक्या पूर्वीपेक्षा जास्त मासे पेलू लागल्या. कारण न कळताही इलाज लागू पडला! कारण सर्वसाधारण छंदिष्टापर्यंत नीट पोचलं ते १९७० च्या आसपास.

या फिल्टरचा दोष मोठ्या टाकीत उघडा पडला. घाण प्लेटखाली साचत जाते आणि ती काढायची तर टाकीच उपसावी लागते. खडी उकरणारा सिक्लिड जातीचा मोठा मासा असला तर प्लेट उघडी पडते. मग सगळं पाणी त्या एकाच वाटेने जातं आणि बाकीची खडी उपाशी राहते.

१९६० च्या दशकात दोन गोष्टी जवळजवळ एकदम घडल्या. सिलिकॉन आलं, आणि लोखंडी चौकटीत लांबी भरून बसवलेल्या काचांऐवजी काचेला काच चिकटवून टाक्या बनू लागल्या. गळती आणि गंज गेले, घरात मोठी टाकी ठेवणं आवाक्यात आलं. दुसरीकडे जर्मनीत गुंथर आयहाइम यांच्या कारखान्याने बंद डब्याचा, विजेच्या पंपावर चालणारा फिल्टर आणला. तोच आजचा कॅनिस्टर. फिल्टर टाकीबाहेर गेला, मीडिया, म्हणजे स्पंजसारखं गाळण्याचं आणि जिवाणू धरण्याचं साहित्य, हवा तेवढा आणि हवा तसा भरता येऊ लागला.

कॅनिस्टरची अडचण हवेची. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला सुमारे साडेचार ग्रॅम ऑक्सिजन लागतो. २५ अंशाच्या एका लिटर पाण्यात तो जेमतेम आठ मिलिग्रॅम विरघळतो, आणि बंद डब्यात नवी हवा येत नाही. त्यात डबा गाळाने भरलेला असेल तर गाळ कुजवणारे दुसरे जिवाणू हा ऑक्सिजन आधी संपवतात. वीज काही तास गेली तर आतलं पाणी सडकं होतं, आणि पंप परत सुरू झाल्यावर ते सगळं टाकीत येतं. म्हणून 'महिनोन्महिने उघडायची गरज नाही' ही कॅनिस्टरची तारीफ मला तक्रारीसारखी वाटते.

सांडपाण्याची विद्या घरात शिरली ती अखेर १९८० च्या दशकात. जॉर्ज स्मिट यांच्या १९८६ च्या लेखांमुळे 'वेट-ड्राय' फिल्टर गाजला. ओव्हरफ्लोमधून (टाकीच्या काठावरून पाणी खाली सोडणाऱ्या वाटेतून) पडणारं पाणी प्लास्टिकच्या गोळ्यांवर शिंपडायचं, गोळ्या ओल्या पण हवेत. म्हणजे दगडांचा तो ट्रिकलिंग फिल्टरच, फक्त नव्वद वर्षांनी. प्रवाळ पाळणाऱ्यांनी तो पुढे टाकून दिला, कारण त्यांना नायट्रेट साठलेलं चालत नाही. मोठे गोड्या पाण्यातले मासे पाळणाऱ्यांनी ठेवला. पाणवनस्पती वाढवणारे अजून त्यावर नाराज असतात, कारण पाणी शिंपडताना कार्बन डायऑक्साइड उडून जातो. पाण्यात गरगरणाऱ्या प्लास्टिकच्या चकत्यांचा 'मूव्हिंग बेड'ही नॉर्वेतल्या सांडपाणी प्रकल्पांतूनच आला.

संपाबरोबर एक नवा हिशेब आला, आणि पंप बदलताना तोच विसरला जातो. पंप थांबला की टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोच्या काठापर्यंत आणि परतीच्या नळीच्या तोंडापर्यंत खाली येतं. १८० बाय ६० सेंटिमीटरच्या टाकीत दर सेंटिमीटरला १०.८ लिटर. पातळी चार सेंटिमीटर उतरली तर ४३ लिटर पाणी संपात येणार. तेवढी रिकामी जागा संपात हवी, नाहीतर ते फरशीवर. मोठा पंप लावला की ओव्हरफ्लोवरून जाणारा थर जाड होतो, म्हणजे हा आकडाही वाढतो.

दरम्यान जिवाणूंची गोष्टही बदलली. पाठ्यपुस्तकांत नायट्राइटचं काम नायट्रोबॅक्टर या जिवाणूंकडे होतं. १९९८ मध्ये दिसलं की गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते काम नायट्रोस्पायरा हे दुसरे जिवाणू करतात. २०११ मध्ये बहुतेक टाक्यांच्या फिल्टरात अमोनिया खाणारे प्रमुख जीव जिवाणू नसून आर्किया (जिवाणूंसारखेच दिसणारे पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) असल्याचं आढळलं. आणि २०१५ मध्ये विनोग्राड्स्कींचे दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारा नायट्रोस्पायरा सापडला. त्या वर्षीच्या शोधांपैकी एकाचा नमुना मत्स्यपालनाच्या फिल्टरमधलाच होता. हे सगळे जीव हळू वाढणारे आणि पृष्ठभागाला चिकटून राहणारे. पाणी दुप्पट वेगाने फिरवल्याने त्यांची संख्या दुप्पट होत नाही. त्यांना लागतो अन्न, ऑक्सिजन आणि वेळ.

पंपाचा इतिहास त्यामानाने सरळ आहे. पाण्यातच फिरणारा चुंबकाचा रोटर आला, दांड्याभोवतीचं सील गेलं, आणि सीलबरोबर गळतीही. वेग कमी-जास्त करता येणारे डीसी पंप गेल्या दहा-पंधरा वर्षांत घरोघर पोचले. वेग निम्मा केला तर प्रवाह निम्मा, पाणी चढवण्याची ताकद एक चतुर्थांश आणि वीज एक अष्टमांश, असं सूत्र सांगतं. संपात ते पूर्ण लागू पडत नाही, कारण पाणी सव्वा-दीड मीटर चढवायचंच असतं. ठरावीक वेगाखाली पंप नुसता फिरतो, वर थेंबही येत नाही. खोक्यावरचे ३,००० लिटरही शून्य उंचीवरचे असतात. त्यात जुनी बारीक नळी तशीच ठेवली तर नवा पंप तिच्याशीच झगडतो: तेवढाच प्रवाह निम्म्या व्यासाच्या नळीतून न्यायचा तर घर्षण सुमारे तीसपट.

बदल करताना जुना फिल्टर लगेच काढू नये. नवा त्याच्या शेजारी लावून दोन्ही चार ते सहा आठवडे चालवायचे, किंवा जुना मीडिया तसाच ओला उचलून नव्यात टाकायचा. टाकीचा पीएच ८ च्या आसपास असेल तर हे जास्तच पाळावं. ७ च्या तुलनेत तिथे तेवढ्याच अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट असतो, आणि चुकलं तर सावरायला फारसा वेळ मिळत नाही. आणि ३,००० लिटरच्या एका पंपाऐवजी १,५०० चे दोन घेतले, तर एक बंद पडला तरी दुसऱ्यावर फिल्टर श्वास घेत राहतो.