एमबीबीएसनंतर पुढे काय? इंटर्नशिप, नोंदणी, पीजी प्रवेश आणि बाँड: पात्रता, कागदपत्रं आणि क्रम

शेवटच्या वर्षाचा निकाल लागतो, घरी पेढे येतात आणि शेजारपाजारचे लोक त्या दिवसापासूनच 'डॉक्टर' म्हणून हाक मारायला लागतात. कायद्याच्या दृष्टीनं मात्र अजून वर्ष बाकी असतं. साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमानंतर 12 महिन्यांची सक्तीची इंटर्नशिप, मग वैद्यक परिषदेकडे कायम नोंदणी, आणि त्यानंतरच स्वतःच्या सहीनं औषधाची चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार.

इंटर्न मुलामुलींच्या फायली मी बरीच वर्षं तपासून देतो आहे. काही वर्षांपूर्वी एक मुलगी आली होती. नीट पीजीत, म्हणजे पदव्युत्तर (पीजी) प्रवेशाच्या परीक्षेत उत्तम गुण, हवी ती शाखा मिळाली असती. पण आधी घेतलेल्या जादा रजेमुळे तिची इंटर्नशिप लांबली होती आणि शेवटचा दिवस कटऑफ तारखेच्या, म्हणजे इंटर्नशिप पूर्ण करायच्या ठरलेल्या मुदतीच्या, नऊ दिवस पुढे गेला होता. तिला वर्षभर थांबावं लागलं. तिच्या रजांची बेरीज कुणीच वेळेवर करून पाहिली नव्हती, मीही नाही. म्हणून ही माहिती इंटर्नशिप सुरू होतानाच वाचा.

सगळं ज्या तारखेवर उभं आहे

इंटर्नशिप सुरू करण्याआधी राज्य वैद्यक परिषदेची तात्पुरती नोंदणी लागते. आपल्याकडे ती महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल देते. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची गुणपत्रिका किंवा उत्तीर्ण प्रमाणपत्र, जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र, आधार, फोटो आणि महाविद्यालयाचं पत्र एवढ्यावर हे काम होतं. या नोंदणीवर फक्त इंटर्नशिपपुरतं, वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करता येतं. संध्याकाळी कुणाच्या दवाखान्यात एकट्यानं बसण्याची परवानगी ती देत नाही.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2021 च्या नियमांत 52 आठवड्यांची वाटणी ठरवून दिली आहे. सर्वांत मोठा वाटा कम्युनिटी मेडिसिनचा, 12 आठवडे. स्त्रीरोग व प्रसूती 7, मेडिसिन 6, सर्जरी 6, आवडीच्या विषयांसाठी 4, आणि उरलेले आठवडे बाकीच्या विभागांत. वर्षभरात साधारण 15 दिवस रजा मिळते. त्याहून जास्त दिवस गैरहजर राहिलात तर तेवढे दिवस पुढे भरून द्यावे लागतात, त्यालाच आपण एक्स्टेन्शन म्हणतो. अभ्यासासाठी पोस्टिंग (विभागातली ठरलेली नेमणूक) बुडवणाऱ्यांना हे शेवटच्या महिन्यात कळतं.

लॉगबुकवर, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदवहीवर, विभागप्रमुखांची सही पोस्टिंग संपेल त्याच आठवड्यात घ्या. सर बदलून जातात, मॅडम परीक्षक म्हणून बाहेरगावी जातात, आणि एका सहीपायी इंटर्नशिप पूर्ण झाल्याचा दाखला अडतो.

हा दाखला इतका महत्त्वाचा का? नीट पीजीसाठी दरवर्षी एक कटऑफ तारीख जाहीर होते आणि त्या दिवसापर्यंत इंटर्नशिप पूर्ण होणं ही पात्रतेची अट असते. 2024 साली ती 15 ऑगस्ट होती, 2025 साली 31 जुलै. म्हणजे मागच्या बॅचची तारीख धरून चालता येत नाही. एम्स, चंदीगडची पीजीआय, पुद्दुचेरीची जिपमर, बंगळुरूची निमहान्स अशा संस्थांसाठीची आयएनआय सीईटी वर्षातून दोनदा होते. तिथं जानेवारी सत्रासाठी 31 जानेवारी आणि जुलै सत्रासाठी 31 जुलै ही मर्यादा असते. शिवाय एमबीबीएसला किमान 55 टक्के लागतात (अनुसूचित जाती-जमातींसाठी 50). नागपूरच्या एम्समधल्या जागाही याच परीक्षेतून भरतात, त्यामुळे विदर्भातल्या मुलांनी हा अर्ज चुकवू नये.

कायम नोंदणी

दाखला हातात आला की त्याच आठवड्यात कौन्सिलकडे कायम नोंदणीचा ऑनलाइन अर्ज करा. सोबत तात्पुरत्या नोंदणीचं प्रमाणपत्र, इंटर्नशिपचा दाखला, उत्तीर्ण प्रमाणपत्र आणि ओळखपत्र लागतं. दुसऱ्या राज्यात शिकून आला असाल तर तिथल्या परिषदेचं ना हरकत प्रमाणपत्रही लागेल. नोंदणीशिवाय वैद्यकीय व्यवसाय केला तर 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यानुसार एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. "अर्ज केलाय, नंबर येईलच" असं म्हणत ओळखीच्या नर्सिंग होममध्ये रात्रपाळी धरणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावं. महाराष्ट्रातली नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, तेव्हा पत्ता आणि मोबाइल नंबर बदलला की कौन्सिलला कळवत राहा.

रशिया, जॉर्जिया, कझाकस्तान, फिलिपिन्स इथून एमबीबीएस करून आलेल्यांची वाट आधी एफएमजीईतून, म्हणजे परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठीच्या परीक्षेतून जाते. ही परीक्षा साधारण जून आणि डिसेंबरमध्ये होते. 300 प्रश्न, उत्तीर्ण व्हायला 150 गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यानंतर भारतात इंटर्नशिप आणि मग पुढचं सगळं इतरांसारखंच. परदेशातली मूळ कागदपत्रं, त्यांची भाषांतरं आणि तिथल्या भारतीय दूतावासाचे शिक्के परतण्याआधीच पूर्ण करून घ्या. इथं बसून ते मिळवायला महिने जातात.

नीट पीजीचा अर्ज

ही परीक्षा राष्ट्रीय परीक्षा मंडळ घेतं. संगणकावर 200 प्रश्न, 800 गुण, साडेतीन तास. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. आता प्रश्नपत्रिका वेळेनं बांधलेल्या पाच भागांत येते. प्रत्येक भागात 40 प्रश्न आणि 42 मिनिटं, वेळ संपली की मागच्या भागात परतता येत नाही. 2025 मध्ये शुल्क खुल्या, ओबीसी आणि आर्थिक दुर्बल गटासाठी 3500 रुपये, तर अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांसाठी 2500 रुपये होतं.

अर्ज भरताना दोन ठिकाणी हमखास गोंधळ होतो. पहिलं म्हणजे नाव. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी असतं, विद्यापीठाच्या कागदावर आईचंही नाव असतं. मुलींच्या बाबतीत लग्नानंतरचं नाव त्यात भर घालतं. अर्जात आणि परीक्षेला न्यायच्या ओळखपत्रावर नाव जुळलं पाहिजे. नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र फाइलमध्ये ठेवा. दुसरं म्हणजे फोटो, सही आणि अंगठ्याचा ठसा. दुरुस्तीची खिडकी उघडते, पण नाव, मोबाइल, ईमेल आणि परीक्षेचं शहर तिथं बदलता येत नाही. मोबाइल नंबर स्वतःचा द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको.

दोन दारं, दोन प्रकारची जात प्रमाणपत्रं

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त नुकसान इथं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शासकीय महाविद्यालयांतल्या 50 टक्के पीजी जागा अखिल भारतीय कोट्यात जातात आणि दिल्लीची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी त्या भरते. अभिमत विद्यापीठांच्या सर्व जागा आणि डीएनबीच्या (राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या) जागाही तिच्याकडेच. राज्याच्या वाट्याच्या जागा मुंबईतला राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सीईटी सेल भरतो. दोन्हीकडे वेगळी नोंदणी, वेगळं शुल्क आणि वेगळा पसंतीक्रम.

राज्याच्या फेरीत महाराष्ट्राच्या नमुन्यातलं जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तिथं नॉन क्रिमिलेयर चालतं. दिल्लीच्या फेरीत ओबीसीचा लाभ हवा असेल तर केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र लागतं आणि तुमची जात केंद्राच्या यादीत असावी लागते. विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या अनेक जाती केंद्राच्या यादीत ओबीसी म्हणून आहेत. त्यांना तिकडे व्हीजे किंवा एनटी असं लिहून काही मिळत नाही, ओबीसी म्हणूनच अर्ज करावा लागतो. 2024 च्या कायद्यानं मिळालेलं मराठा समाजाचं 10 टक्के एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आरक्षण राज्यापुरतं आहे, अखिल भारतीय कोट्यात ते लागू नाही.

नॉन क्रिमिलेयरची मुदत 31 मार्चला संपते, आर्थिक दुर्बल गटाचं प्रमाणपत्रही त्या त्या आर्थिक वर्षापुरतंच असतं. म्हणून एप्रिल उजाडला की तहसीलचे उत्पन्नाचे दाखले काढून आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात अर्ज टाका. जूनपासून दहावी-बारावीच्या प्रवेशांची झुंबड उडते आणि मग दाखल्याची वाट पाहण्यात फेरी निघून जाते.

अधिवासाबद्दल एक बदल लक्षात घ्या. 29 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं पीजी प्रवेशात केवळ रहिवासाच्या आधारे आरक्षण देणं घटनाबाह्य ठरवलं. संस्थात्मक प्राधान्याला, म्हणजे तिथंच एमबीबीएस केलेल्यांना प्राधान्य देण्याला, मात्र मर्यादित वाव ठेवला. त्यामुळे एमबीबीएस कुठून केलं, याला राज्य कोट्यात मोठं वजन आहे. अधिवास प्रमाणपत्र तरीही जवळ असू द्या, नोकरीच्या अर्जांना ते लागतंच.

कागद पडताळणीला फाइलमध्ये हे सगळं असावं: नीट पीजीचं प्रवेशपत्र आणि गुणपत्रक, एमबीबीएसच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, उत्तीर्ण प्रमाणपत्र, अटेम्प्ट सर्टिफिकेट (किती प्रयत्नांत उत्तीर्ण झालात त्याचा दाखला), इंटर्नशिपचा दाखला, कौन्सिलची नोंदणी, दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, आधार, आणि लागू असतील ते आरक्षणाचे दाखले. मूळ कागद महाविद्यालयाकडे जमा असतील तर तसं लेखी पत्र आधीच घ्या. प्रत्येक कागदाचा स्वच्छ स्कॅन स्वतःच्या ईमेलवरही ठेवा.

बाँड

शासकीय किंवा महापालिकेच्या महाविद्यालयात शिकलेल्यांनी प्रवेशाच्या वेळी एक वर्ष सेवेचं बंधपत्र दिलेलं असतं आणि सेवा न दिल्यास 10 लाखांची रक्कम त्यात लिहिलेली असते. या अटींमध्ये शासन निर्णयांनी वेळोवेळी फेरफार झाले आहेत. म्हणून सीनियरनं काय केलं ते विचारण्याआधी तुम्ही सही केलेलं बंधपत्र आणि तुमच्या प्रवेशवर्षाला लागू असलेला शासन निर्णय विद्यार्थी विभागातून मागून घ्या.

बाँडकडे फक्त अडथळा म्हणून बघू नका, असं मी मुलांना मनापासून सांगतो. सपाट भागात सुमारे 30 हजार आणि आदिवासी व डोंगराळ भागात 20 हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. तिथं सर्पदंश, अडलेली प्रसूती, शवविच्छेदन आणि पोलिसांचा पंचनामा एकाच आठवड्यात समोर येतात. निर्णय घ्यायची सवय लागते ती तिथंच.

शासकीय नोकरीच कायम करायची असेल तर संघ लोकसेवा आयोगाची एकत्रित वैद्यकीय सेवा परीक्षा हा चांगला मार्ग आहे. अंतिम वर्षाचे विद्यार्थीही अर्ज करू शकतात, बहुतेक पदांसाठी वय 32 च्या आत लागतं, दोन लेखी पेपर प्रत्येकी 250 गुणांचे आणि मुलाखत 100 गुणांची. महिलांना शुल्क नाही. राज्याच्या आरोग्य सेवेत वैद्यकीय अधिकारी म्हणून लागलात तर पुढे सेवांतर्गत कोट्यातून पीजीचा रस्ताही असतो.

बाँडच्या ठिकाणी हजर झालात की रुजू अहवालाची शिक्क्यासह प्रत त्याच दिवशी घ्या. वर्ष संपताना कार्यमुक्तीचा आदेश आणि बंधपत्रित सेवा पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र तालुका आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या सहीनं हातात आल्याशिवाय गाव सोडू नका. सेवा दिल्याचा पुरावा पुढे कुणी मागितला तर हेच तीन कागद उपयोगी पडतात, आणि मागे परत जाऊन ते मिळवताना तिथले अधिकारी बदललेले असतात.