गिल्ड ॲप्लिकेशन (वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट)

गिल्ड ॲप्लिकेशन म्हणजे वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट ह्या ऑनलाइन गेममधल्या रेड करणाऱ्या (म्हणजे गट जमवून बॉससारख्या ताकदवान शत्रूंशी लढणाऱ्या) गिल्डमध्ये, म्हणजे प्लेअरांच्या संघात, घ्या म्हणून नव्या प्लेअरने भरायचा फॉर्म, आणि तो वाचून कुणाला घ्यायचं कुणाला नाही हे ठरवायचे त्या गिल्डचे निकष. काही गिल्ड नोकरीच्या इंटरव्ह्यूपेक्षा जास्त प्रश्न विचारतात. बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटतं, पण मूळ कारण साधं आहे, रेडला किती माणसं लागतात ते.

गेम आला नोव्हेंबर 2004 मध्ये. तेव्हाच्या मोल्टन कोर, ब्लॅकविंग लेअर ह्या रेडला 40 जण लागायचे आणि आठवड्यातून दोन-तीनदा 40 माणसं एका वेळी ऑनलाइन जमवायची म्हणजे दर दोन दिवसांनी सोसायटीची मीटिंग कोरमसकट भरवण्यासारखं, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी निकष एवढाच की हीलर (लढाईत बाकीच्यांना बरं करणारा) आहेस का, वेळेवर येतोस का, मग ये. चाळीसात पाच-सात जण नुसते उभे राहिले तरी बॉस पडायचा. मग जानेवारी 2007 ला बर्निंग क्रुसेड हा गेमचा नवा भाग आला, मोठे रेड 25 चे झाले आणि गिल्डमधल्या पंधरा जणांचं करायचं काय हा प्रश्न उभा राहिला. चाळणी खरी बारीक झाली ती इथून. 2014 च्या शेवटी सगळ्यात अवघड लेव्हल, म्हणजे मिथिक, फिक्स 20 जणांची झाली, आणि तिथे एक जण आगीत उभा राहिला की बाकी एकोणीस जणांची संध्याकाळ पाण्यात.

फॉर्ममध्ये क्लास (योद्धा, जादूगार वगैरे), स्पेक (त्यातलं स्पेशलायझेशन), आयटम लेव्हल (गिअर, म्हणजे शस्त्रं-चिलखत, किती भारी ते), कुठल्या वारी किती वाजता येऊ शकता, माइक आहे का, आधीचं गिल्ड का सोडलं, हे सगळीकडे असतंच. ह्यातला शेवटचा प्रश्न ऑफिसर लोक, म्हणजे गिल्ड चालवणारे, सगळ्यात नीट वाचतात, कारण "तिथले सगळे नूब (म्हणजे कच्चे) होते" असं लिहिणारा उद्या आपल्याबद्दलही तेच लिहिणार. मग स्क्रीनचा फोटो, तोही ऐन फाइट चालू असतानाचा. त्यात बघायचं असतं की बॉसची वॉर्निंग देणारा ॲडऑन (गेमला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) लावलाय का, स्वतःचा हेल्थ बार कुठे ठेवलाय, आणि डॅमेज मीटर (कोण शत्रूला किती मारतंय ते दाखवणारा) स्क्रीनच्या मधोमध टांगलाय का. तसा असेल तर ह्या माणसाची नजर कुठे असणार ते कळलंच.

आणि लॉग. फाइटची नोंद वॉरक्राफ्ट लॉग्ज ह्या साइटवर चढवली की प्रत्येकाला शंभरपैकी नंबर आणि रंग मिळतो, सगळ्यात खाली करडा, मग हिरवा, निळा, 75 पासून जांभळा, 95 पासून नारिंगी, 99 ला गुलाबी. अनेक गिल्ड सरळ लिहितात की जांभळ्याच्या खाली येऊच नका. माझ्या मते हा आळशी निकष आहे. गिअर चांगला आणि फाइट छोटी असेल तर रंग आपोआप चढतो, हीलरचा नंबर तर बाकीच्यांनी किती मार खाल्ला ह्यावर ठरतो. मुरलेला ऑफिसर बॉस मेला ती फाइट बघतच नाही, तो जिथे सगळे मेले ते प्रयत्न उघडतो आणि बघतो की हा पहिला मेला का, पोशन प्यायला का, इंटरप्ट (बॉसचा मंत्र मधेच तोडणं) कुणी केला.

नवख्यांची तक्रार जुनीच आहे: अनुभव नाही म्हणून रेडला घेत नाहीत आणि रेडला घेत नाहीत म्हणून अनुभव नाही, लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही तसं. म्हणून फॉर्म पास झाला तरी आधी ट्रायल रँक मिळते, काही आठवड्यांची. ट्रायलवाल्याला लूट बहुतेक शेवटी आणि नोव्हेंबर 2007 ला आलेल्या गिल्ड बँकेतून, म्हणजे गिल्डच्या सामायिक तिजोरीतून, तर सहसा काहीच काढता येत नाही, कारण बँक साफ करून रातोरात पसार होणारे लोक सगळ्यांनी ऐकलेले असतात. विश्वासाचा हा भाग दुसऱ्या गेममध्ये अजून कडक. ईव्ह ऑनलाइन ह्या अंतराळातल्या गेममध्ये कॉर्पोरेशन (तिथली गिल्ड) अर्जदाराच्या कॅरेक्टरची माहिती, पैशाचे व्यवहार, मेल सगळं उघडून मागतात, आणि त्यांना नावं ठेवता येत नाहीत, कारण फेब्रुवारी 2009 मध्ये बँड ऑफ ब्रदर्स ही बलाढ्य अलायन्स (कॉर्पोरेशनांची युती) शत्रूला फितूर झालेल्या आतल्याच एका डायरेक्टरने मोडून टाकली होती, एकही गोळी न झाडता.

भारतात बसून खेळणाऱ्याचा अर्ज मात्र बऱ्याचदा वेळेच्या रकान्यात अडतो. वॉरक्राफ्टचा भारतात सर्व्हर नाही, युरोपातल्या गिल्डची रेड मध्य युरोपच्या वेळेनुसार रात्री 8 ला सुरू झाली तर हिवाळ्यात आपल्याकडे साडेबारा वाजलेले असतात, उन्हाळ्यात तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात म्हणून साडेअकरा. तीन तासांची रेड म्हणजे हिवाळ्यात पहाटेचे साडेतीन. ऑस्ट्रेलियातल्या गिल्डकडे गेलं तर तीच रेड भर दुपारी येते, ऑफिसच्या वेळेत. त्यामुळे पुणे-मुंबईकडचा अर्ज आला की शहाणा ऑफिसर लॉग उघडायच्या आधी एवढंच विचारतो, सकाळी कामाला किती वाजता जातोस?